पेवातला लाइट

सून जमिनीखालच्या पेवात पडली होती आणि सासूनं शिडी वर ओढून घेतली, असं सौंसरच्या बाजारात अजूनही कोणी कोणी बोलतं. माझ्या पाठीमागे बोलतात. तोंडावर बोलायची हिंमत कोणाच्या बापात नाही. तर मीच सांगते. ओढली. या दोन हातांनी ओढली. आता बसा आणि पुढचं ऐका.

माझं नाव देवकाबाई. माहेर सावरगावचं, सासर सौंसरचं. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरनं हातावर रूळ मारला, मी तो रूळ जाम नदीत फेकला आणि घरी आली, ती पुन्हा गेलीच नाही. पण सोडा वॉटरचा कारखाना चालवायला शाळा लागत नाही, दंड लागतात. कारखाना आमच्या भैय्याजींनी, म्हणजे माझ्या मालकांनी काढला आणि ते गेल्यावर मी चालवला. तेव्हा गोटीच्या बाटल्या होत्या. पाणी भरून बाटल्या लोखंडी पिंजऱ्यात बसवायच्या, सिलिंडरचा गॅस सोडायचा आणि दांडा धरून तो पिंजरा गरगर फिरवायचा. बाटली खालीवर झाली की गॅस पाण्यात घुसतो आणि काचेची गोटी आतून तोंडाला जाऊन बसते. दिवसभर पिंजरा फिरवून माझे दंड असे झाले होते, की पोळ्याला बैल दावं तोडून निघाला तर गल्लीतले लोक बैलाच्या मालकाला नाही, मला हाक मारत.

मग माझा मुलगा शालिकराम मोठा झाला आणि त्याला मशीनचं वेड लागलं. सत्त्याऐंशीच्या होळीनंतर त्यानं नागपूरहून एक टाकी आणली. पोलादी, उभी, माझ्या छातीएवढी. तिच्या पोटात एक सळई आणि सळईच्या टोकाला पात्यांचा पंखा. वर मोटर. मोटर फिरली की सळई फिरते, सळई फिरली की पाण्यातला पंखा फिरतो.

मी टाकीभोवती एक चक्कर मारली. म्हटलं, "हे त ताक घुसळणं झालं. यासाठी नागपूरले गेला होता का?"

"ताकच समज माय," शालिक म्हणाला. "फक्त ताकातून लोणी वर काढा लागते, अन इथं गॅस पाण्याच्या पोटात दाबा लागते."

टाकीला बाजूनं जाड काचेचा एक डोळा होता. त्यातून आतलं दिसे. पंखा बंद ठेवून नुसता गॅस सोडला, तर बोराएवढे बुडबुडे भकाभका वर येत आणि फुटून जात. पाणी पाण्यासारखंच. पंखा सुरू केला की ते बुडबुडे पात्यांनी तुटत. बोराचे ज्वारीएवढे, ज्वारीचे खसखशीएवढे, आणि मग तर बुडबुडा म्हणून दिसतच नसे. सगळं पाणी दुधासारखं पांढरं होऊन जाई. पंखा थांबला की हळूहळू निवळे, आणि मग त्या पाण्याचा घोट घेतला की नाकातून पाणी यायचं असा झणका. मी खोटं बोलत नाही, पहिल्या दिवशी मी त्या काचेला डोळा लावून दूध उतू जाईपर्यंत बसली होती. चुलीवरचं दूध, टाकीतलं नाही.

पण त्या टाकीची खरी मालकीण झाली माझी सून, सरला. ती पांढुर्ण्याची. आता सावरगाव आणि पांढुर्णा म्हणजे जाम नदीचे दोन काठ, आणि गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठ एकमेकांची डोकी फोडतात. माझ्या सख्ख्या काकाच्या कपाळावर पांढुर्ण्याच्या दगडाची खूण होती. असं असून मी त्या गावची सून केली, हे मी तिला आठवड्यातून एकदा तरी ऐकवत असे. तीही काही कमी नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणे, "तुमच्या काकाजीले लागला तो दगड माह्या आज्यानंच मारला असंन. नेम पक्का होता त्याचा."

अशी जीभ. पण काचेत पाहून पंखा कधी हळू करायचा, कधी वाढवायचा, हे तिला बरोबर कळे. चैत्र संपला तसा मात्र सोडा फिका पडू लागला. उन्हानं टाकीतलं पाणी कोमट होई, आणि कोमट पाणी गॅस धरत नाही. कितीही घुसळा. तेव्हा शालिकच्या डोक्यात पेव आलं.

आमच्या परसात सासऱ्याच्या काळचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालची ज्वारीची कोठी, वर तोंड बारीक आणि खाली पोट मोठं. संत्र्याचे बगिचे झाले, ज्वारी कमी झाली, पेव रिकामं पडलं. आत भर वैशाखातही माठासारखं थंड. शालिकनं त्याचं तोंड फोडून रुंद केलं, लाकडी शिडी लावली, टाकी आणि गॅसचा सिलिंडर आत उतरवला. मोटर वरच ठेवली आणि लांब सळई खाली टाकीत सोडली. भरलेल्या बाटल्यांची खोकीही खाली, थंडाव्याला. सोडा असा झाला की बोरगावपासून लग्नघरची माणसं बैलगाडी घेऊन येऊ लागली.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवते. माझ्या सासूच्या वेळी पेव उघडलं की झाकण काढून ठेवत, आणि उतरायच्या आधी दोरीला बांधून कंदील आत सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. "वारा कोंडला," म्हणे सासू. मी नवी होती, मी मान हलवली. टाकी उतरवली तेव्हाही पहिले काही दिवस मी कंदील सोडला. मग शालिकनं आत बल्ब लावला.

"माय, आता लाइट हाय ना. भर दुपारी कंदील घेऊन कायले फिरतं? गिऱ्हाईक हासून राहिले."

बल्ब लावल्यावर आत लख्ख उजेड. कोपऱ्यातली मुंगीसुद्धा दिसे. कंदील खुंटीला गेला. कंदील कशासाठी असतो? उजेडासाठी. उजेड तर होता.

त्या दिवशी बोरगावच्या लग्नाची खोकी द्यायची होती. सळई टाकीत शिरते तिथं चामड्याचं वायसर असतं, ते झिजलं होतं आणि तिथून सूं सूं आवाज येई. शालिक म्हणाला, लग्नाची खेप जाऊ दे, मग बदलतो. रात्रभर पेवाचं तोंड थंडाव्यासाठी फळ्या आणि ओल्या पोत्यांनी झाकलेलं होतं, रोजच्यासारखं. सकाळी माझं आणि सरलाचं चहावरून वाजलं. तिनं चहात साखर कमी घातली होती.

"माहेरी साखर पाह्यली नाही का वं कधी?"

"पाह्यली ना. पण माहेरी डॉक्टरचं बी आयकतात. तुमाले साखर बंद सांगतली हाय."

"जाय, मर त्या पेवात!" मी म्हटलं.

आता हे मी रोजच म्हणते. शालिकला म्हणते, मांजराला म्हणते, दूधवाल्याला म्हणते. पण त्या दिवशी भिंतीपलीकडे कलाबाई, आमची शेजारीण, शेण थापत होती. तिनं ऐकलं.

सरलानं फळ्या काढल्या, पोती बाजूला केली, बटन दाबून बल्ब आणि मोटर लावली आणि शिडीवरून उतरली. मी परसातच चिंच फोडत बसली. मोटर चालू. पंख्याचा घुर्र घुर्र आवाज. एखादं खोकं वर येईल म्हणून मी वाट पाहिली. आलं नाही. म्हटलं, रुसली असेल.

"अवं सरला! झोपली का?"

काही नाही.

मी उठून तोंडाशी गेली आणि खाली पाहिलं. बल्ब लख्ख जळत होता. त्याच्या उजेडात सरला खोक्यांवर उताणी पडलेली. तोंड एका बाजूला, एक हात लोंबता, पदर बाटल्यांवर पसरलेला. कपाळावर रक्त नाही, कुठं काही सांडलेलं नाही. भर सकाळी कोणी थकून झोपावं तशी. पण डोळे अर्धे उघडे होते, आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते.

माझ्या तोंडून आवाज निघेना. मी, देवकाबाई, जिचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो. मी तिथंच बसली आणि जमिनीवर थापा मारू लागली. त्या थापा ऐकून शालिक पुढल्या खोलीतून धावत आला, वाकून पाहिलं आणि ओरडला, "करंट लागला! करंट!"

त्यानं पळत जाऊन मेन पाडला. मोटर थांबली. बल्ब गेला. पेव एकदम काळं झालं, सरला दिसेनाशी झाली. शालिकनं शिडीला पाय लावला.

"अंधारात कायले जातं, थांब!" आता कुठं माझा आवाज आला. मी स्वयंपाकघरात पळाली, खुंटीवरचा कंदील काढला, चुलीतल्या काडीनं पेटवला, दोरी बांधली. तोवर शालिक शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर होता. त्याला दिसावं म्हणून मी कंदील त्याच्या बाजूनं खाली सोडला.

कंदील त्याच्या कमरेच्या खाली गेला आणि विझला.

वारा नव्हता. झुळूकसुद्धा नव्हती. कोणी ज्योत पाण्यात बुडवावी तशी विझली. मी वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. तिथंच, त्याच जागी विझला. समोर रिकामं पेव होतं, आणि त्यात काहीतरी भरलेलं होतं. दिसत नव्हतं, वास येत नव्हता, पण काठापासून हातभर खाली त्याची पातळी होती, विहिरीच्या पाण्यासारखी. आणि माझी सून त्याच्या तळाशी होती.

सासूचा आवाज कानात आला. वारा कोंडला.

शालिक आणखी एक पायरी उतरला होता. मी वाकून त्याचे केस धरले. सदरा नाही, केस. आणि वर ओढला. तो काठावर आला तेव्हा झिंगल्यासारखा डोलत होता, डोळे लाल, धाप लागलेली. छातीपर्यंतच बुडाला होता, पण खाली वाकून पाहताना दोन श्वास त्यातले गेले होते. मी त्याला परसात लोटला आणि वळून दोन्ही हातांनी शिडी धरली आणि वर ओढून घेतली. सोडा फिरवून कमावलेले दंड त्या दिवशी कामी आले. अख्खी शिडी वर आली, मी ती जमिनीवर टाकली आणि तिच्यावर बसली.

"माय!" शालिकचा चेहरा मी पहिल्यांदा असा पाहिला. "माय, तू तिले मारून राहिली!"

"तू उतरला त तू बी तिच्याजवळ पडशील. मंग दोघं."

"सोड शिडी!"

"नाही."

त्यानं मला ढकललं. माझ्या पोटच्या पोरानं. मी त्याच्या हाताला चावली. तेवढ्यात कलाबाईचं डोकं भिंतीवर आलं. तिनं काय पाहिलं? मोटर बंद, पेवाचं तोंड उघडं, शिडी बाहेर, शिडीवर मी, आणि मुलगा रडतोय. आणि सकाळचं माझं वाक्य तर तिच्या कानात होतंच.

"अवं मायबाई!" कलाबाई किंचाळली. "देवकाबाईनं सुनेले पेवात टाकलं वं!"

गल्ली जमली. ते दिवस असे होते, की सून जळाली, सून विहिरीत सापडली, अशा बातम्या रोजच्या होत्या. कोणाला शंका घ्यायला वेळ लागत नसे. एक जण शिडी ओढायला आला, मी त्याच्या पायावर वरवंटा टाकीन म्हटलं. दुसरा म्हणाला पोलीस बोलवा. तिसरा टेलिफोन करायला धावला, पांढुर्ण्याला, सरलाच्या बापाला. आणि खालून एक आवाज आला. कण्हण्याचा. बांगड्या बाटलीवर वाजल्या.

जिवंत होती.

ती खोक्यांच्या उतरंडीवर पडली होती, तिचं तोंड तळापासून उंच होतं. त्या न दिसणाऱ्या पाण्यात ती बुडालेलीच होती, पण तळाशी ते दाट होतं आणि वर पातळ, म्हणून अजून धुगधुगी होती. आणि मी तिला पाहायला खाली जाऊ शकत नव्हती, कोणाला जाऊ देऊ शकत नव्हती.

मी कंदील पेटवून कलाबाईच्या हातात दिला. "सोड खाली. सोड तूच. मी बोलत नाही काही."

तिनं सोडला. विझला. तिनं माझ्याकडे पाहिलं, कंदिलाकडे पाहिलं. ती माझ्याच वयाची, तिच्याही सासरी पेव होतं. तिचा चेहरा शेणासारखा झाला. "वारा," एवढंच ती बोलली.

"उपसा लागते," मी म्हटलं. "पाण्यासारखा. उपसल्याबिगर उतरता येत नाही."

घरात भैय्याजींची काळी छत्री होती. मी ती उघडली, दांड्याला दोरी बांधली आणि उलटी खाली सोडली. दांडा वर, छत्री खाली, कढईसारखी. खालपर्यंत गेली की झटक्यानं वर ओढायची आणि बाजूला नेऊन रिती करायची. रिकामी छत्री रिती करायची! लोक माझ्याकडे पाहून राहिले. एक म्हणाला, बाईचं डोकं फिरलं. पण कलाबाई तिच्या घरी पळाली आणि उफणणीचा पंखा घेऊन आली. ज्वारी उफणायला हातानं फिरवतात तो, लोखंडी पात्यांचा. दोन बायांनी तो पेवाच्या तोंडाशी तिरपा धरला आणि ती दांडा फिरवू लागली. छत्रीनं आतला वारा वर, पंख्यानं बाहेरचा वारा आत. शालिकनं माझ्या हातून छत्रीची दोरी घेतली. ओढत राहिला, ओढत राहिला, त्याच्या तळव्याची सालं निघाली.

मी मधून मधून कंदील सोडत होती. आधी हातभर खाली विझला. मग टाकीच्या डोक्याशी. मग टाकीच्या काचेच्या डोळ्यापाशी. आता खालून कण्हणं ऐकू येत नव्हतं. नुसता पंख्याचा खडखडाट आणि छत्रीच्या कापडाचा फडफडाट.

मग कंदील खोक्यांपर्यंत गेला. सरलाच्या डोक्याशी. ज्योत लहान झाली, निळसर झाली, वातीला चिकटली. गेली, गेली म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर होती.

मी शिडीवरून उठली. "उतर आता. दोरी कमरेले बांध. बोलू नको, रडू नको. उचल आन ये."

शालिक उतरला आणि तिला खांद्यावर घेऊन वर आला. ओठ निळे होते. बाजेवर टाकली, कलाबाईनं तोच पंखा तिच्या तोंडावर फिरवला. बऱ्याच वेळानं तिनं एक लांब श्वास घेतला, मोटर सुरू होताना घेते तसा, आणि माझ्या लुगड्यावर ओकली. मला आयुष्यात इतकं बरं कधी वाटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरनं ऑक्सिजनची नळी लावली, ठेवून घेतलं. दुपार उलटल्यावर घरी पाठवलं. तो म्हणाला, सोड्याचा हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खड्ड्यात साचतो. म्हटलं, मला सांगू नका, मी त्याची पातळी पाहिली आहे.

दिवस कलताना पांढुर्ण्याहून जीप आली. सरलाचा बाप यशवंतराव, त्यांच्याबरोबर भाऊबंद, कोणाच्या हातात काठ्या. टेलिफोनवर त्यांना सांगितलं होतं, तुमच्या पोरीला सासूनं पेवात कोंडलं. ते माझ्याकडे न पाहता सरलापाशी गेले. ती बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले.

"काय झालं पोरी? खरं सांग. कोनाले भेऊ नको."

सरलानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती सगळ्यांसमोर माझे गुण गाईल, आणि गावेतच. मी तिचा जीव वाचवला होता.

"मले अर्धवट शुद्ध होती बाबा," ती म्हणाली. "हातपाय हालत नव्हते. वर पाह्यलं त तोंडाचा गोल उजेड दिसे. त्यात आत्याबाई दिसल्या." ती थांबली. "त्यायनं शिडी वर ओढून घेतली."

सकाळपासून जेवढे धक्के बसले त्या सगळ्यांहून हा मोठा. तिनं पाहिलं होतं. तिनं तळातून मला पाहिलं होतं. मरता मरता तिला शेवटचं काय दिसलं, तर सासू शिडी ओढतेय.

"इहीनबाई," यशवंतराव हळू आवाजात म्हणाले. "माही पोरगी खोटं बोलते का?"

"बाबाजी, आयका..." शालिकनं तोंड उघडलं.

"तू गप." मी उभी राहिली. "खोटं नाही बोलत. ओढली मी."

काठीवाला एक जण पुढे झाला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शालिकला म्हटलं, "मेन लाव. मोटर नको, लाइट फक्त."

पेवातला बल्ब पेटला. टाकीतला गॅस दिवसभर त्या झिजल्या वायसरातून गळतच होता. कोणाला बंद करायची शुद्ध नव्हती, आणि बंद करायला उतरणार कोण? मी कंदील पेटवला आणि दोरी यशवंतरावांच्या हातात दिली. "सोडा."

"हे कायले?"

"सोडा म्हनते ना! पांढुर्ण्याच्या माणसाले एक गोष्ट दोनदा सांगा लागते."

त्यांनी सोडला. कंदील खाली गेला आणि विझला. आणि बल्ब? बल्ब लख्ख जळत होता. त्याच्या उजेडात मेलेला कंदील दोरीला हेलकावे घेत होता, त्याच्या काचेतून धुराची एक रेघ निघाली. यशवंतरावांनी कंदील वर घेतला, स्वतःच्या काडेपेटीनं पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा तेच. मग त्यांनी बल्बकडे पाहिलं, कंदिलाकडे पाहिलं आणि पेवाच्या काठापासून मागे सरकत सरकत तुळशीच्या ओट्यावर जाऊन बसले.

"लाइट जळते," ते पुटपुटले. "अन दिवा विझते."

"शिडी ठेवली असती त तुमचा जवाई बी खाली राहिला असता," कलाबाई म्हणाली. "मंग त्याच्यामागं आनखी कोनी उतरलं असतं. सकाळी मीच बोंबलली होती, माह्याच तोंडात माती."

सरला बाजेवरून उठली होती. भिंत धरत धरत ती पेवापर्यंत आली. शालिकनं तिचा दंड धरला, तिनं सोडवला. बापाच्या हातची दोरी घेऊन तिनं स्वतः कंदील पेटवून सोडला आणि तो विझेपर्यंत पाहत राहिली. विझल्यावरही पाहत राहिली.

"मी लाइट पाहूनच उतरली होती," ती म्हणाली. "म्हटलं, उजेड हाय त हवा हाय."

यशवंतराव उठले. "चाल पोरी. काही दिवस घरी चाल. या पेवाचं तोंड पाहू नको."

हक्क होता त्यांचा. तिनं मला तळातून पाहिलं होतं ते डोक्यातून जाईना. अजून जात नाही.

"टाकी वर काढा लागंन बाबा," सरला म्हणाली. "आज खाली कोनी उतरू नये. उद्या उपसून घेऊ. टाकीचे बोल्ट मलेच ठाव हाय, तुमच्या जवायाले नाही समजत. मी जाइन उतरून, मंग येईन पांढुर्ण्याले."

"तू उतरशील?" यशवंतराव तिच्यापुढे आडवे झाले. "पुन्हा?"

"उतरन. पण शिडी आत्याबाईच धरतीन. दुसऱ्या कोनी धरली त नाही उतरत." मग ती माझ्याकडे वळली, त्या सुजलेल्या डोळ्यांनी. "सावरगाववाल्यायनं पांढुर्ण्याचं माणूस वाचवलं, हे गोटमारीत कोनाले सांगू नका बरं आत्याबाई. दोन्ही काठ मिळून तुमाले मारतीन."

यशवंतराव हसले की रडले, कळलं नाही. मी म्हटलं, "तोंड बंद कर आन बाजीवर पड. ओकारीचं लुगडं धुवाचं राहिलं हाय माह्यं."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर छत्री फिरली, पंखा फिरला, दुपारपर्यंत फिरला. मग मी कंदील सोडला. तळाला टेकवला. जळत राहिला, पिवळा, नेहमीसारखा. तरी मी तो तिथंच ठेवला आणि वाट पाहिली. मग शिडी लावली, दोन्ही पाय रोवून दोन्ही हातांनी धरली.

सरला पहिल्या पायरीवर आली आणि थांबली. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं.

"सोडणार त नाही ना?"

"उतर मुकाट्यानं."

ती उतरली. माझे हात शिडीवर असे घट्ट होते, की टाकी वर आली, सरला वर आली, तिनं हात धुतले, तरी मी शिडी धरूनच उभी होती. शालिकनं एक एक बोट सोडवलं.